एका पावतीसाठी अख्खं दप्तर

सुरुवातीलाच माफी मागून ठेवते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची आणि माझी अजून नीट ओळख झालेली नाही. मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर मी आधी टाळलंच होतं. पण एक गोष्ट गेले वर्षभर मनात खटकतेय. ती हॉस्टेलच्या मुलामुलींना कळायला हवी, तशीच ऑफिसातल्या मंडळींनाही. आणि ती गोष्ट इंग्रजीत लिहिली तर ज्यांच्याबद्दल आहे तेच वाचणार नाहीत. म्हणून हा प्रयत्न. चुका पदरात घ्या.

गोष्ट आहे आपल्या हॉस्टेल ऑफिसच्या खिडकीबाहेरच्या रांगेची. त्या रांगेत उभं राहिलेलं नाही असं भोंगवलीत कोणी राहिलेलं नसेल. दाखला, पावती, मेसचा हिशोब, नो ड्यूज, काहीही हवं असलं तरी खिडकी एकच. आत काका बसलेले. नाव सांगायचं, काका टाईप करणार, आणि मग स्क्रीनवर ते निळं गोल चक्र फिरत राहणार. फिरतंय... फिरतंय... तोवर मागचा मुलगा पुढच्याच्या खांद्यावरून आत डोकावतो आणि हमखास म्हणतो, "काका, झोपलं का मशीन?"

मागच्या वर्षी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे शेवटचे दिवस होते. माझी रूममेट वेल्ह्याकडची, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणायचं तिकडची. वडिलांची थोडी शेती आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा फॉर्म तिला भरायचा होता. ही योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे, आणि ज्यांना मिळते त्यांच्या मेसचा प्रश्न बराचसा सुटतो. त्यासाठी तिला एकीकडून जमिनीचे कागद हवे होते आणि दुसरीकडून आपल्या हॉस्टेलचा दाखला व पावती.

आता गंमत बघा. जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा तिने रूमवर बसून, मोबाईलवर, पंधरा रुपये भरून पाच मिनिटांत काढला. आणि हॉस्टेलचा दाखला? तो आमच्या रूमपासून दोन जिने खाली असलेल्या खोलीतून यायचा होता. त्याला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तिचा नंबर येईपर्यंत ऑफिस बंद व्हायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी नंबर आला, पण अकाउंट्समध्ये आणि रेक्टर मॅडमच्या खोलीत तीच फाईल उघडी होती, आणि काकांचं मशीन जे अडकलं ते अडकलंच. तिला त्या दिवशी दुपारी घरी निघायचं होतं. नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी पकडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला दवाखान्यात न्यायचं, असं ठरलेलं. ती एसटी गेली. वडिलांनी मजुरीचा दिवस मोडून आईला नेलं. शेवटी संध्याकाळी काकांनी कॉम्प्युटर बाजूला सारला, जुनं रजिस्टर काढलं, हाताने दाखला लिहिला आणि मॅडमच्या घरी जाऊन सही आणून दिली. फॉर्म रात्री अकराला गेला.

त्याच आठवड्यात हॉस्टेलच्या मुलांनी एक अर्ज लिहिला. "खिडकीवरील कर्मचारी अत्यंत संथ गतीने काम करतात, त्यांना संगणकाचे पुरेसे ज्ञान नाही, तरी त्यांच्या जागी..." वगैरे. खाली साठ-सत्तर सह्या. त्यात माझीही सही होती. रूममेट चिडलेली होती, मीही चिडले होते, केली सही. तिने मात्र केली नाही. "माझा दाखला त्यांनीच दिला ना," एवढंच म्हणाली. काकांना खिडकीवरून काढून जावक विभागात बसवायचं, असं जवळजवळ ठरलंही.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. ती फाईल मी बिघडवली होती.

झालं असं की हॉस्टेलचा हा डेटाबेस आपल्याच सीनियर्सच्या एका बॅचने मिनी प्रोजेक्ट म्हणून अॅक्सेसमध्ये बनवला होता. साधा होता, दिसायला कंटाळवाणा, पण चालत होता. सेकंड इयरला मी तो "सुधारायला" घेतला. सुंदर फॉर्म केला. वर ड्रॉपडाऊन, त्यात सगळ्या विद्यार्थ्यांची नावं. नावातली मधली तीन अक्षरं टाईप केली तरी शोधेल असा सर्च. बाजूला फोटो. खाली आजवर भरलेल्या सगळ्या पावत्यांची यादी. माझ्या लॅपटॉपवर, माझ्याच हार्ड डिस्कवर, चाळीस खोट्या रेकॉर्ड्सवर तो असा पळत होता की विचारू नका. एक्सटर्नलनी पाठ थोपटली, मार्क चांगले मिळाले. मग ती फाईल ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून मी मोकळी झाले. ती तिथे कशी चालते हे बघायला मी एकदाही खाली गेले नाही. रांगेत उभी राहिले, पण खिडकीच्या आत काय चाललंय ते बघितलं नाही.

काकांना हलवणार हे कळल्यावर झोप लागेना. मॅडमना जाऊन खरं सांगितलं. त्या फार बोलल्या नाहीत. "तू बिघडवलंस ना, मग तूच नीट कर. रविवारी ऑफिस उघडून देते," एवढंच म्हणाल्या. हा लेख म्हणजे त्या दोन-तीन रविवारांमध्ये मी जे शिकले त्याचा हिशोब आहे. आणि त्यातून माझं जे मत झालंय ते सरळ सांगते : नेटवर्कवरचा डेटाबेस स्लो झाला की आपण आधी माणसाला दोष देतो, मग मशीनला. तारेतून काय वाहून नेतोय हे कुणीच विचारत नाही. खरा प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो.

आता थोडं सविस्तर. समजा तुम्हाला एका गटाचा सातबारा हवा आहे. एक पद्धत अशी की तुम्ही चावडीत जाता, गट नंबर सांगता, तलाठी भाऊसाहेब दप्तरातून पान काढतात आणि तुम्हाला एक उतारा देतात. दुसरी पद्धत अशी की चावडीत भाऊसाहेबच नाहीत. फक्त कपाट आहे. तुम्ही रुमालात बांधलेलं अख्खं दप्तर डोक्यावर घेऊन घरी येता, ओटीवर पसरता, आपलं पान शोधता, आणि दप्तर परत नेऊन ठेवता. दुसरी पद्धत वेडेपणाची वाटते ना? पण शेअर्ड फोल्डरमधली अॅक्सेसची फाईल नेमकी अशीच चालते. ज्या मशीनवर फाईल ठेवली आहे ते मशीन फक्त कपाट आहे. फाईलच्या आत काय आहे हे त्याला ठाऊकच नाही. शोधायचं काम काकांच्या मशीनवर होतं, आणि शोधण्यासाठी लागणारं सगळं तारेवरून तिथपर्यंत यावं लागतं.

मोबाईलवर सातबारा पाच मिनिटांत आला तो यामुळेच. मोबाईल काही शोधत नाही. तो फक्त गट नंबर पाठवतो, शोध दूरच्या सर्व्हरवर होतो आणि एक पान परत येतं. राज्यात डिजिटल सहीचे सातबारे १ मे २०१८ पासून मिळू लागले. दस्तनोंदणीचंही तसंच झालं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत आधी 'सरिता' नावाची प्रणाली होती, २०१२ मध्ये तिच्या जागी मध्यवर्ती सर्व्हरवर चालणारी 'आय-सरिता' आली. म्हणजे शोधणारा माणूस दप्तराशेजारी बसवला. त्याची किंमतही आहेच. लाईन गेली की सगळेच थांबतात, आणि 'सर्व्हर डाऊन' हा शब्द आज वाडीवस्तीवरच्या आजोबांनाही पाठ झालाय. तेव्हा मोठं केलं म्हणजे सगळं सुटलं असंही नाही.

पण हेही खरं की दप्तर घरी आणायचं असलं तरी ते अख्खं आणायची गरज नसते. इथेच माझी चूक होती. अॅक्सेस दरवेळी पूर्ण फाईल ओढतो हा एक गैरसमज आहे. इंडेक्स असेल तर तो आधी इंडेक्सची दोन-चार पानं आणतो, त्यावरून हवी ती रेकॉर्ड कुठे आहे ते कळतं, आणि तेवढंच पान आणतो. एक पान म्हणजे ४ केबी. इंडेक्स नसेल तर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अख्खं टेबल तारेवरून येतं.

इंडेक्स म्हणजे काय हे आपल्या आजोबा-पणजोबांना माहीत होतं. सातबारा गट नंबरवरून शोधतात. पण एका माणसाची गावात एकूण जमीन किती, हे सातबाऱ्यांवरून काढायचं तर सगळं दप्तर चाळावं लागेल. म्हणून गाव नमुना ८-अ असतो. तो खातेदाराच्या नावाने लावलेला असतो. माहिती तीच, पण दुसऱ्या बाजूने शोधायची सोय केलेली. आमच्या पावत्यांच्या टेबलाला सातबारा होता, ८-अ नव्हता. म्हणजे पावती नंबरवर इंडेक्स होता, पण विद्यार्थ्याच्या पीआरएन नंबरवर नव्हता. आणि खिडकीवर कोणी पावती नंबर घेऊन येत नाही, पावती मागायलाच तर येतो!

जरा हिशोब मांडू. धरा, पावत्यांच्या टेबलात ४०,००० ओळी आहेत आणि एक ओळ साधारण ३०० बाइट्सची. म्हणजे १२ एमबी, म्हणजेच ९६ मेगाबिट. काकांचं मशीन वायफायवर होतं. राऊटर जिन्यापलीकडे, मध्ये दोन भिंती. खरा वेग १० मेगाबिट मिळाला तरी नुसतं ते टेबल यायला दहा सेकंद. फॉर्मवर अशी दोन-तीन टेबलं आणि वर फोटो, की झाला मिनिट. रांगेत चाळीस जण असले की करा गुणाकार. इंडेक्स असेल तर त्याच कामाला पाच पानं म्हणजे २० केबी पुरतात. मशीन तेच, तार तीच, काकाही तेच.

माझा तो मधल्या तीन अक्षरांचा सर्च तर आणखी वाईट. शब्दकोशात 'भो'पासून सुरू होणारे शब्द लगेच सापडतात, पण ज्या शब्दांच्या मध्ये कुठेतरी 'भो' आहे ते शोधायचे तर पहिल्या पानापासून वाचावं लागतं. इंडेक्सचं तसंच आहे. शोधताना सुरुवातीलाच तारांकन टाकलं की इंडेक्स असून नसल्यासारखा. त्यात आपल्याकडे एकच आडनाव तीन प्रकारे लिहिलेलं, कुठे मराठीत, कुठे इंग्रजीत. मराठी अक्षरं जागाही जास्त घेतात. अॅक्सेस २००० पासून अक्षरं युनिकोडमध्ये, प्रत्येकी दोन बाइट्सनी साठवली जातात. इंग्रजी अक्षरं दाबून एका बाइटमध्ये बसवायची सोय आहे, देवनागरीला ती मिळत नाही. म्हणून मराठी सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. नाव मराठीतच लिहा. पण शोधा पीआरएन नंबरवरून.

तर त्या रविवारी आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते. आम्ही म्हणजे मी, रूममेट, आणि काका. हो, काका स्वतःहून आले. "बाळा, मलाही बघू दे, मी रोज त्याच्याशी भांडतो," म्हणाले. अर्जावर माझी सही आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं.

आधी फाईलची कॉपी पेन ड्राईव्हवर घेतली. हे सगळ्यात पहिलं, याला पर्याय नाही. मग घड्याळ लावून मोजलं. एकटं मशीन चालू असताना फॉर्म उघडायला किती वेळ, दुसऱ्या मशीनवरही फाईल उघडी असताना किती. काकांनी प्रत्येक आकडा वहीत तारीख टाकून लिहिला. एकटं मशीन बरं चालत होतं. दुसरं उघडलं की रडायला लागत होतं.

मग फाईलचे दोन भाग केले. टेबलं एका फाईलमध्ये, ती शेअर्ड फोल्डरमध्ये. फॉर्म, रिपोर्ट आणि क्वेरी दुसऱ्या फाईलमध्ये, तिची एकेक कॉपी प्रत्येकाच्या मशीनवर. यासाठी अॅक्सेसमध्ये तयार विझार्ड आहे. सरळ हिशोब आहे : दप्तर एका जागी, पण कोरे फॉर्म आणि शिक्के ज्याच्या त्याच्या टेबलावर. ते दरवेळी चावडीतून कशाला आणायचे?

एवढं करून मोठ्या दिमाखात चालू केलं, आणि खरं सांगते, आधीपेक्षाही स्लो! मला रडूच यायचं बाकी होतं. काका म्हणाले, "आधी चहा घेऊ." चहानंतर वाचत बसलो तेव्हा कारण सापडलं. टेबलांची फाईल कोणी उघडली की तिच्या शेजारी एक छोटी लॉक फाईल तयार होते. कोण काय वापरतंय याची नोंद त्यात असते. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. आमचे फॉर्म प्रत्येक छोट्या कामासाठी टेबलांची फाईल उघडत होते आणि बंद करत होते. म्हणजे प्रत्येक पान बघायला दप्तरखान्याचं कुलूप उघडायचं, रजिस्टरमध्ये सही करायची, पान बघायचं, परत कुलूप. उपाय अगदी छोटा होता. फाईल सुरू होताना एक लपलेला फॉर्म उघडायचा, तो एका लहानशा टेबलाला जोडलेला, आणि तो दिवसभर उघडाच ठेवायचा. मग दार एकदाच उघडतं आणि संध्याकाळपर्यंत उघडं राहतं. हा एकच बदल केला आणि तिन्ही मशीन एकदम चालू असताना फॉर्म झटकन उघडला. काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

पुढची कामं त्यामानाने सोपी. पीआरएन, खोली नंबर आणि पावतीची तारीख यांवर इंडेक्स टाकले. सरसकट सगळ्या कॉलमवर टाकायचे नाहीत, कारण प्रत्येक नवी नोंद करताना प्रत्येक इंडेक्सही दुरुस्त करावा लागतो. फॉर्म उघडताना रिकामा उघडतो, नंबर टाकल्यावर एकाच विद्यार्थ्याची माहिती आणतो. माझं ते सगळ्या नावांचं ड्रॉपडाऊन काढून टाकलं. फोटो टेबलातून काढून एका फोल्डरमध्ये ठेवले आणि टेबलात फक्त त्यांचा पत्ता ठेवला. टेबलाच्या आत टेबल दाखवणारी सबडेटाशीटची सोय बंद केली, कारण न मागता ती शेजारच्या टेबलातलंही सामान ओढून आणते. आणि काकांच्या मशीनला साधी केबल जोडली. वायफाय मध्येच तुटतं, आणि लिहिता लिहिता तुटलं तर नुसतं स्लो होत नाही, फाईलच खराब होऊ शकते. आपल्याकडे लाईटचा भरवसा किती, हे भोंगवलीकरांना सांगायला नको. म्हणून तिन्ही मशीनना यूपीएस हवाच, हा या लेखातला माझा एकमेव खर्चाचा आग्रह.

शेवटचं म्हणजे 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर'. अॅक्सेसमध्ये रेकॉर्ड पुसली तरी तिची जागा फाईलमध्ये तशीच राहते आणि फाईल फुगत जाते. फाईलची कमाल मर्यादा २ जीबी. महिन्यातून एकदा, सगळे बाहेर पडल्यावर, आधी कॉपी घेऊन मग कॉम्पॅक्ट करायचं. ते काम काकांनी स्वतःकडे घेतलंय. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, कॅलेंडरवर गोल करून.

आता काही जण म्हणतील, हे कसले कुडमुडे उपाय! सरळ सर्व्हर घ्या, क्लाउडवर टाका, अॅक्सेस हे काय खेळणं वापरताय. आपल्या डिपार्टमेंटमध्येही हे मत आहे आणि मी ते हसण्यावारी नेत नाही. उद्या तिन्ही हॉस्टेल, मेस आणि लायब्ररी एका ठिकाणी जोडायची असतील, पालकांना घरून बघायचं असेल, तर अॅक्सेसची शेअर्ड फाईल पुरणार नाही. कागदावर २५५ जणांची मर्यादा असली तरी तिथवर कोणी जाऊ नये. तेव्हा पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीसारखा फुकट मिळणारा सर्व्हर घ्यावा. त्यात टेबलं नेऊन फॉर्म अॅक्सेसचेच ठेवता येतात. पण माझं म्हणणं एवढंच की सर्व्हर म्हणजे दप्तराशेजारी बसलेले भाऊसाहेब. त्यांनाच जर तुम्ही "सगळ्या गावाचे उतारे द्या, मी घरी जाऊन माझा शोधते" म्हणालात, तर तेही बिचारे सगळे उतारे बांधून देतील. माझा तो जुना फॉर्म जगातल्या सगळ्यात महाग सर्व्हरवर ठेवला असता तरी त्याने सगळी नावं आणि सगळ्या पावत्याच मागितल्या असत्या. आधी नीट मागायला शिकायचं. त्यानंतरही कमी पडलं तर खुशाल खर्च करा, आणि तेव्हा किती कमी पडतंय हे दाखवायला काकांच्या वहीतले आकडे असतील.

दुसरा एक आक्षेप रूममेटने घेतला, तो मला जास्त लागला. ती म्हणाली, "तू पास होऊन गेल्यावर हे कोण बघणार? पुन्हा कोणीतरी येईल, सुंदर करेल आणि जाईल." याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर म्हणून आम्ही एक पानी मराठी सूचना लिहून काकांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. फाईल कुठे आहे, कॉपी कुठे आहे, काय बंद पडल्यावर काय करायचं, आणि मोठ्या अक्षरात : नवीन फॉर्म आधी तिन्ही मशीनवर एकदम चालवून बघितल्याशिवाय वापरायचा नाही.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र कॉलेजने द्यायला हवं, आणि म्हणूनच हा लेख. आपल्याकडे मिनी प्रोजेक्टचे मार्क लॅपटॉपवरच्या डेमोवर मिळतात. चाळीस रेकॉर्ड्स, एक वापरणारा, वायर नाहीच. व्हायव्हात नॉर्मलायझेशन विचारतात, ते यायलाच हवं. पण हे वापरणार कोण, किती जण एकदम वापरणार, कुठल्या नेटवर्कवर, खरी माहिती किती, हे कोणी विचारत नाही. मला विचारलं असतं तर मी निरुत्तर झाले असते, आणि तेच बरं झालं असतं. माझी सूचना अशी आहे की जो प्रोजेक्ट कॉलेजच्या कुठल्याही ऑफिसात वापरला जाणार असेल, तो त्याच ऑफिसात, गर्दीच्या दिवशी, तिथल्या माणसाच्या हातून एक आठवडा चालवून बघावा आणि काही मार्क त्या माणसाने द्यावेत. काकांनी मला तेव्हा किती दिले असते, कल्पना करवत नाही.

आणि हॉस्टेलच्या मित्रमैत्रिणींना एवढंच सांगायचंय की खिडकीपलीकडे चक्र फिरत असतं तेव्हा आतल्या माणसालाही ते फिरताना दिसत असतं. फरक इतकाच की आपण दहा मिनिटं बघतो, तो दिवसभर बघतो, आणि वर आपली बोलणीही खातो. अर्ज जरूर करावेत. पण सही करण्याआधी एकदा आत जाऊन बघावं.

तो अर्ज मॅडमनी परत घेऊ दिला. काका खिडकीवरच आहेत. यंदाच्या शिष्यवृत्तीच्या दिवसांत रांग होती, पण ती सरकत होती. मी काकांकडे जाऊन सहीबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माहितीये गं. अर्ज टाईप करायला माझ्याकडेच आला होता." मला काय बोलावं सुचेना. मग त्यांनीच विषय बदलला. टेबलाखालचं जुनं रजिस्टर दाखवून म्हणाले, "हे मात्र मी बंद करणार नाही हं."

करूही नका, काका.